तांबड्या पेशीची साक्ष

रक्ताचा पाठ शिकवताना आपण पेशींच्या कामाची वाटणी सांगतो. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात, पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात आणि रक्तपट्टिका रक्त गोठण्यास मदत करतात. ही वाटणी मुलांच्या लक्षात राहते, परीक्षेलाही उपयोगी पडते. पण एखादी चौकस मुलगी मध्येच विचारते, "टायफॉइडचे जंतू तर पाण्यातून पोटात जातात, मग तपासणी रक्ताची का करतात? आणि बरा झाल्यावरही माणूस इतके दिवस फिकट का दिसतो?" या दोन साध्या प्रश्नांची उत्तरे वरच्या वाटणीत बसत नाहीत.

ती शोधायची तर आपल्याला सुमारे एकशे तीस वर्षे मागे जावे लागते. कॉलरा, टायफॉइड आणि आमांश या आतड्याच्या रोगांचा अभ्यास करता करताच प्रतिरक्षाशास्त्राचा बराचसा पाया घातला गेला, आणि त्या अभ्यासात तांबडी पेशी जवळजवळ पहिल्यापासून हजर होती. मात्र ती तिथे स्वतः काय करते आहे हे कळायला शास्त्रज्ञांना फार वेळ लागला. आधी ती केवळ साक्षीदार मानली गेली, पुढे तिच्याकडे ओझी वाहण्याचेही काम आहे असे आढळले, आणि नंतर तर जंतू व शरीर यांच्यातील भांडणाचे एक मोठे कारण तिच्याच पोटात दडलेले आहे हे लक्षात आले. हा सगळा प्रवास आपण क्रमाने पाहू.

तीन जंतू, तीन वाटा

प्रथम या तीन रोगांतला फरक स्पष्ट करून घेऊ, कारण पुढे तो वारंवार लागणार आहे. कॉलऱ्याचा जंतू लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून बसतो आणि विष सोडतो. त्या विषामुळे शरीरातले पाणी व क्षार आतड्यात ओतले जातात. हे विष आतड्यातच काम करते, हे कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ साली प्रयोगाने दाखवून दिले. जंतू स्वतः सहसा रक्तात शिरत नाही.

आमांशाचा एक प्रमुख जंतू म्हणजे शिगेला. तो मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींत घुसतो आणि त्यांचा नाश करतो. म्हणून रोग्याला शौचावाटे आव आणि रक्त पडते. तिसरा जंतू टायफॉइडचा, म्हणजे साल्मोनेला टायफी. तो आतड्याची भिंत ओलांडून जवळच्या लसिकाग्रंथींत जातो, तिथून रक्तात उतरतो आणि यकृत, प्लीहा व अस्थिमज्जा येथे वस्ती करतो. टायफॉइडमध्ये रक्ताची तपासणी का करतात, या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळते. त्या काळात जंतू खरोखरच रक्तात फिरत असतात. उरलेले अर्धे उत्तर प्रतिपिंडांशी संबंधित आहे, आणि त्यासाठी बर्लिनच्या एका प्रयोगशाळेत डोकावावे लागेल.

जंतू विरघळताना दिसले

रॉबर्ट कॉख याने १८८४ च्या आरंभी कलकत्त्यात कॉलऱ्याचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू शुद्ध स्वरूपात वाढवला. पुढच्या दहा वर्षांत प्रश्न उभा राहिला तो असा: एकदा रोग होऊन गेलेल्या किंवा लस टोचलेल्या प्राण्याला तोच रोग पुन्हा सहजासहजी का होत नाही?

यावर दोन पक्ष पडले होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एली मेचनिकॉफ म्हणत असे की, शरीराच्या भक्षक पेशी जंतूंना गिळतात आणि तेच खरे संरक्षण होय. जर्मनीतले बहुतेक संशोधक मात्र संरक्षणाचे गुण रक्ताच्या पातळ भागात शोधत होते. रक्त गोठल्यावर जो पिवळसर द्रव वेगळा होतो त्याला आपण रक्तरस म्हणतो. ताजा रक्तरस काही जंतूंना मारतो आणि ५५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवला तर त्याचा हा गुण जातो, हे १८८९ च्या सुमारास हान्स बुखनर याने दाखवले होते.

इकडे वाल्डेमार हाफकिन १८९३ साली आपली कॉलऱ्याची लस घेऊन कलकत्त्यात आला आणि पुढल्या दोन-तीन वर्षांत त्याने भारतात चाळीस हजारांहून अधिक लोकांना ती टोचली. लस टोचली जात होती, पण तिने शरीरात नेमके काय घडते याविषयी वाद चालूच होता.

१८९४ साली बर्लिनमध्ये रिचर्ड फायफर याने कॉलऱ्याविरुद्ध प्रतिकारक्षम केलेल्या गिनिपिगच्या उदरपोकळीत कॉलऱ्याचे जिवंत जंतू सोडले आणि थोड्या थोड्या वेळाने बारीक काचनळीने तिथला द्रव काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. काही मिनिटांतच जंतूंची वळवळ थांबली, ते फुगून गोळ्यांसारखे झाले आणि शेवटी विरघळून नाहीसे झाले. साध्या गिनिपिगमध्ये असे घडत नव्हते. पण त्याला प्रतिकारक्षम प्राण्याचा रक्तरस आधी टोचला तर घडत होते. शिवाय हा रक्तरस कॉलऱ्याच्याच जंतूंवर चाले, दुसऱ्या जंतूंवर नाही.

चार परीक्षानळ्या

फायफरचा प्रयोग जिवंत प्राण्याच्या पोटात झाला होता. तो परीक्षानळीत आणून त्याचे घटक वेगळे केले ते ज्यूल बोर्दे या बेल्जियन तरुणाने. १८९५ साली बोर्दे पंचविशीतला होता आणि पॅरिसला मेचनिकॉफच्याच प्रयोगशाळेत काम करत होता. त्याचा प्रयोग वर्गात फळ्यावर मांडण्याजोगा आहे. चार परीक्षानळ्या काढा आणि प्रत्येकीत कॉलऱ्याचे जंतू आहेत असे समजा.

पहिल्या नळीत प्रतिकारक्षम प्राण्याचा ताजा रक्तरस घातला. जंतू विरघळले.

दुसऱ्या नळीत तोच रक्तरस, पण ५५ अंशांपर्यंत तापवून घातला. जंतू विरघळले नाहीत.

तिसऱ्या नळीत साध्या, प्रतिकारक्षम नसलेल्या प्राण्याचा ताजा रक्तरस घातला. इथेही जंतू विरघळले नाहीत.

चौथ्या नळीत दुसऱ्या आणि तिसऱ्या नळीतील दोन्ही निकामी रस एकत्र केले. जंतू विरघळले!

चौथ्या नळीचे उत्तर लगेच न सांगता मुलांना अंदाज करू द्यावा. दोन निकामी वस्तू एकत्र येऊन काम होते याचा अर्थ काय, हा विचार मुलांना करता येतो. बोर्देचा निष्कर्ष असा, की इथे दोन वेगळे पदार्थ लागतात. एक उष्णता सोसणारा आणि विशिष्ट जंतूलाच ओळखणारा. तो प्रतिकारक्षम प्राण्यातच तयार होतो; त्यालाच आपण आज प्रतिपिंड म्हणतो. दुसरा उष्णतेने नष्ट होणारा, सर्वच प्राण्यांत असणारा, स्वतः कोणालाही न ओळखणारा, पण प्रतिपिंडाने खूण केली की तिथे जाऊन भोक पाडणारा. पुढे पॉल एर्लिख याने त्याला 'पूरक' हे अर्थपूर्ण नाव दिले. आज आपल्याला ठाऊक आहे की पूरक हा एकच पदार्थ नसून तीसहून अधिक प्रथिनांची मालिका आहे.

साक्षीदार म्हणून तांबडी पेशी

तांबडी पेशी या गोष्टीत येते ती १८९८ साली. बोर्देने सशाचे रक्त गिनिपिगला टोचले आणि काही दिवसांनी त्या गिनिपिगचा रक्तरस सशाच्या तांबड्या पेशींत मिसळला. त्या पेशी आधी एकमेकींना चिकटल्या आणि मग फुटल्या. रक्तरस तापवला तर फुटत नसत, साधा ताजा रस मिसळला की पुन्हा फुटत. कॉलऱ्याच्या जंतूचे जे झाले तेच, त्याच नियमाने, निरुपद्रवी तांबड्या पेशीचे झाले. म्हणजे प्रतिकारयंत्रणा केवळ रोगजंतूंना ओळखते असे नसून, परक्या पेशीला ओळखते. हा निष्कर्ष फार दूरवर जाणारा होता. परक्याचे रक्त का चालत नाही, दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीर का नाकारते, या प्रश्नांची वाट इथून सुरू होते.

यात एक व्यावहारिक सोयही होती. जंतू विरघळला की नाही हे पाहायला सूक्ष्मदर्शक हवा. तांबड्या पेशी मात्र नळीत असताना द्रव गढूळ लाल दिसतो आणि त्या फुटल्या की हीमोग्लोबिन बाहेर पडून द्रव आरपार, पारदर्शक लाल होतो. नुसत्या डोळ्यांनी निकाल कळतो. बोर्दे आणि त्याचा मेहुणा ऑक्टाव्ह झांगू यांनी १९०१ साली या सोयीचा चलाखीने उपयोग केला. रोग्याच्या तापवलेल्या रक्तरसात ठरावीक जंतू आणि थोडे पूरक घालायचे. त्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे असतील तर पूरक तिथेच खर्ची पडते. मग तांबड्या पेशी आणि त्यांच्या विरुद्धची प्रतिपिंडे घालायची. पूरक संपले असेल तर पेशी शाबूत राहतात. शिल्लक असेल तर फुटतात. याच तत्त्वावर १९०६ साली उपदंशाची प्रसिद्ध वासरमन चाचणी उभी राहिली आणि अनेक दशके जगभर वापरली गेली. बोर्देला १९१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

इथे एक गंमत घडली. मीटरवरच्या काट्याकडे आपण पाहतो, पण काटा स्वतः कशाचा बनला आहे हे विचारत नाही. तसेच काहीसे तांबड्या पेशीचे झाले. प्रत्येक रक्तचाचणी प्रयोगशाळेत मेंढीच्या तांबड्या पेशींच्या बाटल्या असत, दररोज त्या वापरल्या जात, पण प्रतिकाराच्या कामात या पेशीचा स्वतःचा काही वाटा असेल असा विचार सहसा कोणाच्या मनात येत नसे.

व्हिदालची चाचणी आणि रक्तगट

चिकटण्याच्या क्रियेचाही वेगळा इतिहास आहे. १८९६ साली व्हिएन्नामध्ये मॅक्स ग्रुबर आणि हर्बर्ट डरहॅम यांना आढळले की, प्रतिकारक्षम प्राण्याच्या रक्तरसात कॉलऱ्याचे किंवा टायफॉइडचे जंतू एकत्र येऊन पुंजके होतात. रस ओळखीचा असेल तर अनोळखी जंतू ओळखता येईल, असा त्यांचा विचार होता. त्याच वर्षी पॅरिसच्या फेर्नां व्हिदाल याने तो विचार उलटा केला. जंतू ओळखीचा घेतला आणि तापाच्या रोग्याचा रक्तरस तपासला. पुंजके झाले तर टायफॉइड. हीच आपल्याकडे 'विडाल' म्हणून माहीत असलेली चाचणी, आणि आपल्या चौकस मुलीच्या पहिल्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर.

या चाचणीची मर्यादाही इतिहासातूनच समजते. ती जंतू शोधत नाही, शरीराची जंतूविषयीची आठवण शोधते. पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल, लस घेतली असेल, किंवा साल्मोनेलाच्या एखाद्या भाऊबंदाशी गाठ पडली असेल, तरी पुंजके दिसू शकतात. तापाच्या पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडे पुरेशी तयार झाली नसतील तर खरा टायफॉइड असूनही दिसत नाहीत. जिथे हा रोग नेहमीचा आहे तिथे केवळ एकदा केलेल्या विडाल चाचणीवर विसंबून प्रतिजैविके घेणे म्हणूनच धोक्याचे असते. त्यातून प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढण्यास मदत होते. रक्तातला जंतू प्रत्यक्ष वाढवून पाहणे हा अधिक खात्रीचा मार्ग आहे.

ग्रुबरच्या हाताखाली १८९६ साली कार्ल लँडस्टायनर नावाचा एक तरुण सहायक होता. जंतूंचे पुंजके त्याने जवळून पाहिले होते. काही वर्षांनी त्याने निरोगी माणसांचे रक्तरस आणि तांबड्या पेशी एकमेकांत मिसळून पाहिल्या आणि १९०१ साली माणसांचे रक्तगट जाहीर केले. पण एक कोडे उरले. ए गटाच्या माणसाने बी गटाचे रक्त कधीच पाहिलेले नसते, तरी त्याच्या रक्तरसात बी विरुद्धची प्रतिपिंडे कुठून येतात?

उत्तर पुन्हा आतड्यात सापडले. नवजात बाळाची स्वतःची अशी प्रतिपिंडे नसतात. ती पहिल्या काही महिन्यांत दिसू लागतात, म्हणजे आतड्यात जंतूंची वस्ती झाल्यावर. १९५९ साली जॉर्ज स्प्रिंगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कोंबडीची काही पिले पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवली. त्यांच्या रक्तात बी विरुद्धची प्रतिपिंडे जवळजवळ नव्हती. एश्चेरिचिया कोलाय या आतड्यातील जंतूचा एक विशिष्ट प्रकार त्यांना खाऊ घातला तेव्हा ती तयार झाली. त्या जंतूच्या आवरणावरील शर्करा बी गटाच्या तांबड्या पेशीवरील शर्करेसारखी असते. शरीर शिकले होते जंतूविरुद्ध, आणि ते शिक्षण परक्या तांबड्या पेशीला लागू पडत होते. रक्तपेढीत दात्याचे रक्त जुळवून पाहताना जे पुंजके दिसतात, त्यांच्यामागे आतड्यातील जंतूंचा हा हात आहे.

साक्षीदार कामाला लागतो

१९५३ साली अमेरिकेतील रॉबर्ट नेल्सन याने एक निरीक्षण प्रसिद्ध केले. प्रतिपिंड आणि पूरक यांनी माखलेले जंतू माणसाच्या तांबड्या पेशींना चिकटतात आणि असे चिकटलेले जंतू पांढऱ्या पेशी अधिक लवकर गिळतात. त्याने याला प्रतिरक्षी आसंजन म्हणजे चिकटण्याची प्रक्रिया म्हटले. परजीवींच्या बाबतीत असे चिकटणे त्याआधीही काहींनी पाहिले होते, पण त्याचा जंतूंच्या भक्षणाशी संबंध नेल्सनने जोडला.

तांबडी पेशी हे कशाने करते? १९८० साली डग्लस फिअरॉन याने तिच्या पृष्ठभागावरील ते प्रथिन वेगळे केले. पूरकाचा एक तुकडा धरणारा तो हात आहे असे समजू. त्याला पूरकग्राही म्हणतात. एका तांबड्या पेशीवर असे काही शेच हात असतात. पांढऱ्या पेशीवर ते कितीतरी जास्त. पण संख्येचा हिशेब करून पाहा. एक घनमिलिमीटर रक्तात तांबड्या पेशी सुमारे ५० लाख, तर पांढऱ्या चार ते अकरा हजार. त्यामुळे रक्तात फिरणाऱ्या एकूण हातांपैकी बहुतेक तांबड्या पेशींवरच असतात. रक्तात उतरलेला माखलेला जंतू प्रथम कोणाच्या अंगावर आपटणार, हे उघड आहे.

१९८१ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'तांबड्या पेशींची प्रतिकारयंत्रणा' असा शब्दप्रयोग एका लेखाचे शीर्षक म्हणून आला. १९८३ साली बबून माकडांवरील प्रयोगांत दिसले की प्रतिजन आणि प्रतिपिंड यांची गाठोडी तांबड्या पेशींना चिकटून यकृतापर्यंत जातात. तिथल्या भक्षक पेशी गाठोडे काढून घेतात आणि तांबडी पेशी मोकळी होऊन पुन्हा रक्तात फिरू लागते. हे ओझे असे वाहून नेले नाही तर ते मूत्रपिंडासारख्या नाजूक ठिकाणी साठून इजा करू शकते. १९९८ साली एश्चेरिचिया कोलाय जंतू खास बनवलेल्या प्रतिपिंडांनी तांबड्या पेशीच्या याच हातांना बांधले, तेव्हा नळीतल्या पांढऱ्या पेशींनी ते उचलून गिळले.

मग बोर्देच्या पिढीला हे का दिसले नाही? एक कारण त्यांच्या प्राण्यांत आहे. तांबड्या पेशीवरचा हा पूरकग्राही माणसात आणि माकडांत असतो. गिनिपिग, ससा, उंदीर यांच्यात हे काम मुख्यतः रक्तपट्टिका करतात. बोर्देने आपल्या गिनिपिगच्या तांबड्या पेशींकडे कितीही निरखून पाहिले असते तरी त्या प्राण्यात त्याला ते सापडले नसते. प्रयोगासाठी कोणता प्राणी निवडला यावर कोणते सत्य दिसेल हेही काही अंशी ठरते, ही गोष्ट मोठ्या मुलांना सांगण्याजोगी आहे.

ही गोष्ट अजून संपलेली नाही. २०२१ साली पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की, जंतूंच्या डीएनएचे तुकडे धरणारे आणखी एक ग्राही माणसाच्या तांबड्या पेशींवर असते. असे तुकडे पुष्कळ चिकटले तर पेशीचा आकार बिघडतो, भक्षक पेशी तिला लवकर गिळतात आणि दाह वाढतो. गंभीर जंतुसंसर्गात रक्त झपाट्याने कमी का होते याचे हे एक स्पष्टीकरण आहे.

लोखंडाचे भांडण

आता त्या मुलीचा दुसरा प्रश्न घेऊ. टायफॉइडनंतर माणूस फिकट का दिसतो?

१९४४ साली आर्थर शेड आणि लिओना कॅरोलाइन यांनी आमांशाचा शिगेला जंतू कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागात वाढतो का ते पाहिले. तो वाढेना. त्यांनी निरनिराळे पोषक पदार्थ घालून पाहिले. लोह घातले तेव्हाच जंतू वाढू लागला. अंड्यातील एक प्रथिन लोह घट्ट धरून ठेवते आणि जंतूला उपाशी मारते. दोनच वर्षांनी त्यांना माणसाच्या रक्तातही लोह धरून ठेवणारे असेच प्रथिन सापडले. जंतूशी लढण्याचा एक मार्ग त्याची रसद तोडणे हा आहे, हे यातून पुढे आले.

आपल्या शरीरातील लोहाचा मोठा साठा कुठे असतो? तांबड्या पेशींत. मोठ्या माणसाच्या शरीरात तीन ते चार ग्रॅम लोह असते आणि त्यातले सुमारे दोन तृतीयांश हीमोग्लोबिनमध्ये असते. एका तांबड्या पेशीत हीमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू, आणि प्रत्येकात लोहाचे चार अणू! तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. मग प्लीहा आणि यकृत येथील भक्षक पेशी तिला गिळतात आणि तिच्यातले लोह परत रक्तात सोडतात. अन्नातून आपण दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषतो. या जुन्या पेशींतून मात्र रोज २० ते २५ मिलिग्रॅम परत मिळते.

टायफॉइडचा जंतू वस्ती करतो तो नेमका याच भक्षक पेशींत. जिथे तांबड्या पेशी मोडून लोह काढले जाते, त्याच कारखान्यात तो शिरून बसतो. उंदरांवरील प्रयोगांत साल्मोनेला हा रक्तपेशी गिळलेल्या भक्षक पेशींत टिकून वाढलेला आढळला आहे.

शरीर यावर उत्तर देते. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन नावाचे छोटे संप्रेरक २००० व २००१ साली वेगवेगळ्या संशोधकांनी शोधले. ते पेशींतून लोह बाहेर पडण्याचे दार बंद करते, हे २००४ साली कळले. संसर्ग झाला की हेप्सिडिन वाढते, आतड्यातून लोहाचे शोषण कमी होते, भक्षक पेशी लोह सोडत नाहीत आणि रक्तातले लोह उतरते. ऑक्सफर्ड येथे निरोगी स्वयंसेवकांनी संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली टायफॉइडचे जंतू प्यायले होते. २०१५ साली त्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ज्यांना रोग झाला त्यांच्यात हेप्सिडिन भराभर वाढले आणि रक्तातील लोह घसरले.

रक्तात फिरणाऱ्या जंतूची रसद यामुळे तुटते. पण अस्थिमज्जेलाही नव्या तांबड्या पेशी बनवायला तेच लोह लागते. रोग लांबला तर नव्या पेशी कमी बनतात आणि माणूस फिकट पडतो. म्हणजे हा फिकटपणा बऱ्याच अंशी शरीराने जंतूला अडवण्यासाठी मोजलेली किंमत आहे. शिवाय भिंतीआड, भक्षक पेशीतच बसलेल्या जंतूच्या बाबतीत दार बंद करण्याचा उपाय उलटूही शकतो. लोह आत अडकते आणि जंतूही आतच असतो. या झटापटीत कोणाची सरशी कशी होते यावर संशोधन चालू आहे.

आमांशात तांबड्या पेशीवर वेगळाच प्रसंग येतो. जपानच्या कियोशी शिगा याने १८९७ साली शोधलेल्या जंतूचे विष काही वेळा मूत्रपिंडातील बारीक रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडवते. तिथे गुठळ्या होतात आणि त्या अरुंद झालेल्या वाटेने जाताना तांबड्या पेशी अक्षरशः फाटतात. रक्ताच्या काचपट्टीवर त्यांचे तुकडे दिसतात. रक्तक्षय आणि मूत्रपिंडाचा बिघाड एकत्र दिसणाऱ्या या विकाराचे वर्णन १९५५ साली कॉनराड गासर याने केले. १९८३ साली मोहम्मद करमाली यांनी तसेच विष बनवणाऱ्या एश्चेरिचिया कोलाय जंतूशी त्याचा संबंध जोडला. जंतू आतड्यात, इजा मूत्रपिंडात, आणि पुरावा तांबड्या पेशीच्या तुकड्यांत.

शाळेपर्यंत येणारा इतिहास

हा इतिहास आपल्या शाळेच्या दारापर्यंत येतो. २०१३ पासून देशभर किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी देण्याचा कार्यक्रम राबवला गेला, आणि ती आपल्यासमोर गिळायला लावण्याचे काम शिक्षकांकडे आले. आपल्याकडच्या मुलांतील, विशेषतः मुलींतील रक्तक्षय पाहता ही गोळी आवश्यक आहे. तिच्याविषयी भीती पसरवणे घातक ठरेल. पण त्याच कार्यक्रमाच्या सूचनांत असेही म्हटले आहे की मुलाला ताप, जुलाब यांसारखा तीव्र आजार असताना गोळी देऊ नये. वरचा इतिहास वाचल्यावर या सूचनेमागचा विचार समजतो. आजारात दार बंद असते. तेव्हा दिलेले लोह फारसे शोषले जात नाही, आणि जंतूला हवी असलेली वस्तू बाहेरून पुरवण्यात शहाणपणही नाही. मूल बरे झाले की गोळी पुन्हा सुरू करायची, हे मात्र विसरू नये. फिकटपणा भरून काढायला लोह लागते ते तेव्हाच.

विदर्भात, नंदुरबार-धुळ्याकडे आणि इतर आदिवासी भागांत शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आणखी एक गोष्ट. तिथे काही मुलांना सिकल सेल हा आनुवंशिक विकार असतो. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, रक्तवाहिन्या तुंबवतात, आणि त्यामुळे प्लीहा हळूहळू निकामी होते, हाडांनाही इजा होते. अशा मुलांत साल्मोनेला गटाचे जंतू आतड्यातून रक्तात उतरून हाडांत जाऊन बसण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. तांबड्या पेशीचा केवळ आकार बदलला तरी आतड्याच्या जंतूंपासूनचे संरक्षण कसे ढासळते याचे हे बोलके उदाहरण आहे. अशा मुलाला ताप आला किंवा त्याचे हाड दुखू लागले तर 'उद्या पाहू' म्हणू नये, लगेच दवाखान्यात पाठवावे. त्याला लोहाची गोळी द्यायची की नाही हेही डॉक्टरांनाच विचारावे.

पेशींच्या कामाची ती जुनी वाटणी आपण फळ्यावरून पुसून टाकावी असे आम्ही म्हणत नाही. पाचवी-सहावीच्या मुलाला तीच पुरे. आठवी-नववीत मात्र तिच्याखाली बोर्देच्या चार परीक्षानळ्या काढाव्यात आणि तांबडी पेशी त्या नळीत नुसती बघत उभी होती का, असे मुलांना विचारावे.